कोपऱ्यावरची पाटी: गाव्रिलो प्रिंत्सिपच्या कीर्तीचे प्रकरण

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो इथे मिल्याच्का नदीच्या काठाने जाणारा रस्ता लॅटिन पुलाशी येतो आणि तिथून एक गल्ली शहरात आत वळते. त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. तिच्या भिंतीवर 2004 साली बसवलेली पाटी एवढेच सांगते की, 28 जून 1914 रोजी या ठिकाणाहून गाव्रिलो प्रिंत्सिप याने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफिया यांची हत्या केली. का केली, कोणासाठी केली, बरे केले की वाईट, याबद्दल एक अवाक्षरही नाही. पहिले महायुद्ध या हत्येनंतर पेटले, त्याचाही उल्लेख नाही. पंचनाम्यात शोभेल इतका कोरडा मजकूर आहे.

या कोपऱ्यावर त्याआधी तीन पाट्या लागल्या होत्या आणि समोरच्या पुलाच्या टोकाशी एक भलेथोरले स्मारकही उभे राहून गेले होते. प्रत्येकाने प्रिंत्सिपबद्दल वेगळे काही सांगितले. माणूस तोच, गोळ्याही त्याच दोन. राज्यकर्ते बदलले की भिंतीवरचा मजकूर बदलत गेला. राजकीय मारेकऱ्याची कीर्ती शंभर वर्षे टिकते म्हणजे नेमके काय होते, हे पाहायला इतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण.

शब्दाची अडचण

आधी एक अडचण. मराठीत लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात आपली बाजू ठरते. कंसाचा वध होतो, शेजाऱ्याचा खून होतो, पुढाऱ्याची हत्या होते. मारणारा कुठे मारेकरी असतो, कुठे क्रांतिकारक. क्रियापद निवडले की निकाल लागलाच. बोस्नियातल्या भाषेत अशा कृत्याला ‘आतेन्तात’ म्हणतात. हल्ला यशस्वी झाला तरी तोच शब्द, फसला तरी तोच. दोन्ही बाजू तो वापरतात, त्यामुळे पाटीवर तो चालून जातो. मी इथे ‘हत्या’ आणि ‘मारेकरी’ हेच शब्द वापरतो आहे. ज्यांना ते खटकतील त्यांचे खटकणेही या प्रकरणाचाच भाग आहे.

सहा जण

त्या दिवशी नदीकाठच्या रस्त्यावर गर्दीत सहा तरुण उभे होते: मुहम्मद मेहमेदबाशिच, वासो चुब्रिलोविच, नेदेल्को चाब्रिनोविच, स्व्हेत्को पोपोविच, प्रिंत्सिप आणि त्रिफ्को ग्राबेझ. बेलग्रेडमधल्या ‘काळा हात’ या गुप्त संघटनेच्या सर्बियन अधिकाऱ्यांकडून चार पिस्तुले, सहा बॉम्ब आणि विषाच्या पुड्या मिळालेल्या होत्या. युवराजाच्या मोटारींचा ताफा जवळून गेला तेव्हा मेहमेदबाशिच आणि चुब्रिलोविच यांनी काहीच केले नाही. चाब्रिनोविचने बॉम्ब फेकला. तो मोटारीच्या दुमडलेल्या छतावर आदळून मागे घरंगळला आणि मागच्या गाडीखाली फुटला. चाब्रिनोविचने विष खाल्ले आणि नदीत उडी टाकली. विषाने फक्त उलट्या झाल्या. नदीला उन्हाळ्यामुळे पाणीच नव्हते. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढला.

बेत इथे संपायला हवा होता. युवराज नगरभवनात पोचला, स्वागताच्या भाषणात वैतागला आणि मग जखमी अधिकाऱ्याला इस्पितळात भेटायला जायचे ठरले. त्यासाठी गल्लीत न वळता सरळ काठानेच जायचे होते. चालकाला, लिओपोल्ड लोय्का याला, हे कोणी सांगितलेच नाही. तो मूळ मार्गाप्रमाणे लॅटिन पुलासमोर उजवीकडे वळला. गाडीत बसलेले बोस्नियाचे ऑस्ट्रियन गव्हर्नर ऑस्कर पोटिओरेक ओरडले, गाडी थांबली. शिलरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानापाशी प्रिंत्सिप उभा होता, गाडीपासून जेमतेम दीड मीटरवर. पहिली गोळी युवराजाच्या मानेत गेली, दुसरी सोफीच्या पोटात. दुसरी गोळी पोटिओरेकसाठी होती, सोफीला मारायचे नव्हते, असे त्याने पुढे कोर्टात सांगितले.

कीर्तीचे पहिले काम इथेच सुरू होते: सहांतला एक उचलायचा आणि पाच खाली ठेवायचे. प्रिंत्सिप तिथे सँडविच खात उभा होता ही गोष्ट आज जगभर सांगितली जाते. तिला कसलाही आधार नाही, गेल्या पंचवीसेक वर्षांतच ती फोफावली. पण ती चिकटली, कारण भुकेला पोरगा, चुकलेले वळण आणि जळून गेलेले जग यांची गोष्ट तोंडात बसते. हत्येनंतर पोलीस एका तरुणाला फरफटत नेत आहेत असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि कित्येक पाठ्यपुस्तकांत त्याखाली प्रिंत्सिपचे नाव छापलेले असते. आता बहुतेक अभ्यासक मानतात की तो प्रिंत्सिप नाही, गर्दीतला दुसराच कोणी आहे. म्हणजे ज्या चेहऱ्याने तो जगाला ठाऊक झाला, तो चेहराही त्याचा नसावा.

आधीच्यांची कीर्ती

प्रिंत्सिपची कीर्ती त्याच्यापासून सुरू होत नाही. 1910 च्या जूनमध्ये बोग्दान झेराइच नावाच्या विद्यार्थ्याने याच शहरात गव्हर्नर मारियान वारेशानिन यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही हुकल्या. सहावी त्याने स्वतःला मारून घेतली. सरकारने त्याला गुपचूप पुरले. दोन वर्षांनी व्लादिमिर गाचिनोविचने त्याच्यावर एक पुस्तिका लिहिली आणि ती बोस्नियातल्या पोरांच्या हातोहात फिरली. ज्याची एकही गोळी गव्हर्नरला लागली नाही, असा माणूस या पुस्तिकेने नायक केला. 1914 च्या जूनमध्ये, हत्येच्या आदल्या दिवसांत, प्रिंत्सिप झेराइचच्या थडग्यावर फुले ठेवून आला.

त्याच्याही मागे मिलोश ओबिलिच आहे. 1389 साली कोसोवोच्या लढाईच्या दिवशी सुलतान मुरादला मारणारा म्हणून सर्बियन लोकगीतांनी अमर केलेला योद्धा. त्या लढाईचा दिवस म्हणजे विदोव्दान, नव्या पंचांगाप्रमाणे 28 जून. ऑस्ट्रियाच्या युवराजाने सारायेव्होला यायला नेमका तोच दिवस निवडला. मुहूर्त काढणाऱ्याला कुणी हे सांगितले नाही, किंवा सांगूनही ऐकले गेले नाही.

तेव्हा 19 वर्षांचा हा किरकोळ पोरगा, ज्याला दोनच वर्षांपूर्वी सर्बियन लढवय्यांच्या तुकडीने ‘फार लहान, फार अशक्त’ म्हणून परत पाठवला होता, तो कीर्तीच्या एका जुन्या साखळीत जाऊन उभा राहिला. कीर्ती ही त्याच्यासाठी कृत्यानंतर मिळणारी वस्तू नव्हती, तिनेच त्याला त्या कोपऱ्यावर आणले होते.

पुसण्याचा प्रयत्न

ऑस्ट्रियाच्या कायद्याप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी वीस वर्षे पूर्ण नसतील तर फाशी देता येत नव्हती. प्रिंत्सिपच्या जन्मनोंदीत घोळ होता: चर्चच्या वहीत जुलै, सरकारी वहीत जून. जून धरला तर तो विशीच्या पलीकडे जात होता, जुलै धरला तर 27 दिवस कमी पडत होते. कोर्टाने जुलै धरला. 28 ऑक्टोबर 1914 रोजी वीस वर्षांची सक्तमजुरी झाली, दर महिन्याला एक दिवस उपास आणि दर 28 जूनला अंधारकोठडी. ज्यांनी स्वतः गोळी झाडली नव्हती, पण जे वयाने मोठे होते, असे दानिलो इलिच, वेल्को चुब्रिलोविच आणि मिश्को योवानोविच हे तिघे 3 फेब्रुवारी 1915 रोजी फासावर गेले. कारकुनाच्या एका महिन्याच्या चुकीचा फायदा प्रिंत्सिपला मिळाला, आणि मला वाटते, त्यामुळे साम्राज्याचाही फायदा झाला. वधस्तंभाचे दृश्य टळले. हुतात्मा घडवायला लागणारी शेवटची ओळ कोणाला ऐकू आली नाही.

तेरेझिनच्या किल्ल्यात त्याला क्षय झाला, हाडात शिरला, एक हात कापावा लागला. 1916 मध्ये मार्टिन पापेनहाइम नावाचे मनोविकारतज्ज्ञ त्याला काही वेळा भेटले आणि त्यांनी टिपणे ठेवली. त्यांवरून दिसते ते असे: महायुद्ध आपल्या गोळीने पेटले हे त्याला पटत नव्हते, त्यामुळे त्या अनर्थाचे ओझे आपल्यावर आहे असे तो मानत नव्हता. पण आपण केले ते वाया गेले की काय, ही भीती त्याला होती. 28 एप्रिल 1918 रोजी तो मेला. ज्या साम्राज्याविरुद्ध गोळी झाडली ते सहा-सात महिन्यांत कोसळायचे होते.

त्याला रात्री, खूण न ठेवता पुरले. थडगे म्हणजे यात्रेची जागा, हे अधिकाऱ्यांना झेराइचवरून कळले होते. पण पुरायला नेणाऱ्या शिपायांत एक झेक होता. त्याने जागेचा नकाशा काढून ठेवला. राज्य बदलले, नकाशा बाहेर आला आणि 1920 साली हाडे उकरून सारायेव्होला आणली गेली. 1939 साली तिथल्या दफनभूमीत एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले. त्यात प्रिंत्सिप, त्याचे साथीदार आणि झेराइचही एकत्र आहेत. भिंतीवर न्येगोश या कवीची ओळ कोरली आहे. तिचा आशय असा, की जो कायमचा जगतो तो धन्य, त्याला जन्माला यायला काही कारण होते.

कोपऱ्यावर

आता पुन्हा पुलाशी. पहिले स्मारक मारेकऱ्याचे नव्हते, मेलेल्यांचे होते. 28 जून 1917 रोजी, युद्ध चालू असतानाच, ऑस्ट्रिया-हंगेरीने पुलाच्या टोकाशी उंच खांबांचे स्मारक उभारले, वर युवराज आणि सोफी यांच्या प्रतिमा. जाणाऱ्या-येणाऱ्याने तिथे थांबून प्रार्थना करावी अशी अपेक्षा होती. युद्ध हरल्यावर ते फार दिवस टिकले नाही. त्यानंतर दक्षिण स्लावांचे मिळून झालेल्या युगोस्लाव्हियाच्या राज्यात पुलालाच प्रिंत्सिपचे नाव मिळाले.

2 फेब्रुवारी 1930 रोजी कोपऱ्यावरच्या भिंतीला पहिली पाटी लागली. काळी, साधी, सिरिलिक अक्षरांची. या ऐतिहासिक जागी विदोव्दानच्या दिवशी प्रिंत्सिपने स्वातंत्र्याची नांदी केली, अशा अर्थाचा मजकूर. ब्रिटनमध्ये त्यावर आरडाओरडा झाला. युगोस्लाव्ह सरकारने हात झटकले, पाटी खाजगी मंडळींनी लावली म्हणाले. हे मजेशीर आहे. त्या हत्येतूनच उभे राहिलेले राज्य, आणि त्यालाच मारेकऱ्याचे नाव उघड घ्यायला संकोच. ते राज्य राजाचे होते. राजे आणि युवराज मारण्याला पाटी लावणे कोणत्याही राजाला अवघडच जाणार.

एप्रिल 1941 मध्ये जर्मन फौजा सारायेव्होत शिरल्या आणि दोन-तीन दिवसांतच पाटी भिंतीवरून उतरवली गेली. ती हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्याच्या छायाचित्रकाराने, हाइनरिश हॉफमनने, टिपलेले एक छायाचित्र आहे: ऑस्ट्रियातल्या म्योनिशकिर्शेन इथे उभ्या असलेल्या खास आगगाडीच्या डब्यात हिटलर त्या पाटीकडे टक लावून पाहतो आहे. तारीख 20 एप्रिल 1941, त्याचा बावन्नावा वाढदिवस. त्याच्या आदल्याच वर्षी, जर्मनीच्या 1918 च्या युद्धबंदी करारावर ज्या डब्यात सह्या झाल्या तो फ्रान्समधला डबा त्याने बर्लिनला नेला होता. युद्धाची सुरुवात आणि शेवट या दोन्हींच्या खुणा घरी आणल्या, म्हणजे हरलेले युद्ध जणू झालेच नाही. पाटी बर्लिनच्या लष्करी संग्रहालयात गेली आणि 1945 च्या पडझडीत नाहीशी झाली. प्रिंत्सिपच्या साऱ्या प्रशंसकांनी मिळून त्याच्या पाटीला इतके महत्त्व दिले नसेल, जितके या एका वैऱ्याने दिले.

मे 1945 मध्ये, शहर मोकळे होऊन महिना होतो न होतो तोच, दुसरी पाटी लागली. आता प्रिंत्सिप जर्मन आक्रमकांशी लढणारा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढलेल्या टिटोच्या कम्युनिस्ट पार्टिझनांचा पूर्वज झाला. 28 जून 1953 रोजी ‘तरुण बोस्निया’चे, म्हणजे प्रिंत्सिप आणि त्याच्या साथीदारांच्या चळवळीचे, संग्रहालय उघडले आणि तिसरी पाटी आली: गोळीतून जुलमाविरुद्ध जनतेचा निषेध आणि ‘आमच्या लोकांची’ स्वातंत्र्याची शतकांची आस व्यक्त झाली. ‘आमच्या लोकांची’ हे अनेकवचन टिटोच्या युगोस्लाव्हियाला फार गरजेचे होते. ते खोटेही नव्हते. सहांत मेहमेदबाशिच मुसलमान होता आणि प्रिंत्सिपने कोर्टात आपण युगोस्लाव्ह राष्ट्रवादी असल्याचे सांगितले होते. सगळ्या दक्षिण स्लावांची एकजूट हवी, राज्य कोणत्या प्रकारचे ते गौण, पण ऑस्ट्रियातून सुटले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच काळात फूटपाथवर काँक्रीटमध्ये दोन पावलांचे ठसे बसवले. इथे उभा राहून त्याने गोळ्या झाडल्या. पर्यटक त्या ठशांत आपले पाय ठेवून फोटो काढत. मला हे सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त बोलके वाटते. पाटी वाचायची असते. ठशांत उभे राहायचे असते. शाळेच्या सहलीतले पोरगे बूट त्या खाचेत बसवते, रस्त्याकडे तोंड करते आणि क्षणभर पिस्तूल त्याच्या हातात असते. तिथून युवराजाच्या बाजूने बघण्याची सोय कोणी केली नव्हती.

1992 साली शहराला वेढा पडला. टेकड्यांवरून तोफा डागणारे बोस्नियन सर्बांचे सैन्य आणि खाली होरपळणारे शहर. खालच्यांच्या लेखी प्रिंत्सिप आता टेकडीवरच्यांचा झाला. ठसे उखडले गेले, पाटी गेली, पुलाला ‘लॅटिन पूल’ हे जुने नाव परत मिळाले. ज्या नगरभवनातून युवराज वैतागून निघाला होता, ते तेव्हा ग्रंथालय होते. ते ऑगस्ट 1992 मध्ये तोफगोळ्यांनी जळाले. मग 2004 ची ती पंचनाम्यासारखी पाटी. तिचा कोरडेपणा अनेकांना भेकडपणा वाटतो. मला तो त्या शहराला परवडणारा एकमेव मजकूर वाटतो.

तुलनेला एक

इथे एक शंका घ्यायला जागा आहे: एवढे महायुद्ध झाले म्हणून नाव टिकले, पाट्यांचे काय घेऊन बसलात? अर्धे खरे आहे. पण त्याच राजघराण्यातला दुसरा खून पाहा. 10 सप्टेंबर 1898 रोजी जिनिव्हात लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने सम्राट फ्रान्झ योसेफची पत्नी एलिझाबेथ हिला धारदार कानशीने भोसकले. कोणीतरी बडे, ज्याचे नाव वर्तमानपत्रात येईल असे, मारायचे एवढाच त्याचा हेतू होता. कीर्तीसाठी केलेला याहून उघड खून नसेल. आज ‘सिसी’, म्हणजे ही एलिझाबेथ, जगाला माहीत आहे, तिच्या नावाने पर्यटन चालते. लुकेनी फक्त तिच्या गोष्टीच्या शेवटी येतो. 1910 साली त्याने तुरुंगात गळफास घेतला. त्याचे डोके कापून द्रवात ठेवले, ते पुढे व्हिएन्नाला गेले आणि 2000 साली पुरले गेले.

फर्डिनांडचे उलटे झाले. मेला तो युवराज, पण त्याचे स्वतःचे आयुष्य, त्याची मते, सोफीशी त्याने राजघराण्याच्या विरोधात जाऊन केलेले लग्न, हे कोणाला आठवत नाही. रक्ताचा कोट आणि ती मोटार व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहेत. लोक कोट पाहतात आणि नाव प्रिंत्सिपचे घेतात. लुकेनीला कोणीही आपला म्हटले नाही. प्रिंत्सिपला आपला म्हणणारे नेहमीच कोणीतरी होते, आणि त्यांच्या हातात भिंत होती.

नवे वारस

2014 च्या जूनमध्ये शताब्दी आली. दुरुस्त झालेल्या नगरभवनात व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादन झाले. सर्बियन नेते गेले नाहीत. आदल्या दिवशी, 27 जूनला, सर्बांच्या भागातल्या पूर्व सारायेव्होत प्रिंत्सिपचा पुतळा उभा राहिला. पुढच्या वर्षी 28 जूनला बेलग्रेडमध्ये दुसरा, सर्बियाचे अध्यक्ष तोमिस्लाव्ह निकोलिच यांच्या उपस्थितीत. बोस्नियात मुले कोणत्या भागातल्या शाळेत जातात त्यावर पुस्तकातला प्रिंत्सिप ठरतो: एकीकडे मुक्तिदाता, दुसरीकडे दहशतवादी. ओब्ल्याय गावातले त्याचे घर दुसऱ्या महायुद्धात पाडले गेले, नंतर बांधले, 1990 च्या दशकातल्या युद्धात पुन्हा पाडले, 2014 ला पुन्हा बांधले.

कोर्टात ‘मी युगोस्लाव्ह’ म्हणणाऱ्याला आता फक्त सर्ब म्हणून पुतळा मिळतो. जपणारे आणि पुसणारे, दोघेही त्या एका वाक्याबद्दल सारखेच बहिरे आहेत. ते वाक्य ऐकणारे राज्यच उरले नाही, आणि मागून कोणी उभे नसले की माणसाचे शब्दही लुकेनीच्या वाटेने जातात.

राहता राहिला पोपोविच, सहांतला चौथा. त्या सकाळी त्याच्याजवळ बॉम्ब होता, पण धीर झाला नाही. 13 वर्षांची शिक्षा झाली, साम्राज्य कोसळल्यावर सुटला. पुढे तो सारायेव्होच्या संग्रहालयात लोकसंस्कृती विभागाचा अभिरक्षक झाला आणि 1980 पर्यंत जगला. त्याच शहरात, कोपऱ्यावरच्या फूटपाथमध्ये मित्राच्या पावलांचे ठसे होते. जिथे तो स्वतः उभा होता, ती जागा कोणी खुणेने राखली नाही.